सालीचा रंग

"तांबड्यात लावू, का हिरव्यात?"
मेरी वेदर ग्राउंडवरच्या मांडवात
पेन दातात धरून पोरगा मला विचारतो.
शहाण्णव किलो. चौघांनी छोट्या हत्तीतनं उतरवला,
खाली पिंजर, वर माझं जुनं इरकली.
वजनावर कोण काय बोललं नाही.
भांडण रंगावरनं.

देठाकडनं निम्म्यापर्यंत
काकवी तारेला येते तसला केशरी,
पुढं हिरवा, राखी,
डबक्यातनं उठलेल्या म्हशीच्या पाठीवर
शेवाळ वाळतं तसा.

बाळगोंडा चौगुले म्हणाला,
"माझ्या वेलाचा पराग तुमच्या फुलात शिरला, राजमतीकाकू.
निम्मा भोपळा माझा हाय."
मांडव हसला.

मला आठवत होती नोव्हेंबरची पहाट,
कनवाडच्या मळीत पायाला दंव,
सांजेला मादी कळीच्या तोंडाला बांधलेला
शिवणाचा दोरा मी सोडला,
नराच्या पाकळ्या खुडून त्याला उघडा केला,
तीन वेळा फिरवला, परत दोरा बांधला.
माशी शिरली नाही.
बाळगोंडा कुठनं शिरतोय?

आणि शिरला असता तरी
साल आईची असते, बाबा.
बाप बियांत जाऊन बसतो, गप, वर्षभर.
त्याचा रंग बघायचा तर बी पेरायची,
त्याआधी कृष्णेचा पूर उतरायची वाट बघायची.

हे मला कुठल्या कॉलेजानं शिकवलं नाही.
डेअरीच्या वहीच्या मागच्या पानांवर
अठरा वर्षं लिहिलंय:
आजी हिरवी. आई केशरी. पोर चट्ट्यापट्ट्याचं.
हिरवा दोन पिढ्या गायब,
तिसरीला दारात हजर,
दूरच्या पाहुण्यागत, न कळवता.

पण सगळं आजीच्या माथी तरी कसं मारू?
जानेवारीत नऊ रात्री कडाका पडला.
सुकुमारनं मला न विचारता युरिया टाकला,
"पानं बघ कशी काळीभोर", म्हणून खूश,
आणि वेल पानांतच रमला, पिकायचं विसरला.
साल उन्हानं तडकू नये म्हणून गोणपाट घातलेलं,
ते सरकलं तिथं रंग विटला.
आणि बूड,
जे चार महिने मातीला टेकून होतं,
ते ताकाच्या निवळीसारखं फिकट.
त्यानं ऊन बघितलंच नाही.

मी बांगड्या वर सारते कधी कधी.
खाली एक वळं आहे, लग्नाआधीच्या रंगाचं.
लेकीच्या स्थळाच्या कागदावर "वर्ण" पुढं
सासूबाईंनी लिहायला लावलं, गहूवर्ण.
मी विचारलं, कुठला गहू? खपली, का बन्सी?
तेव्हा कोण हसलं नाही.

पोरानं सालीवर सुतळीचे चौकोन आखले,
खडूनं मोजले.
"शंभरात ऐंशी तरी केशरी पाहिजेत, काकू.
तुमचे एकोणसाठ. नियम हाय."
हिरव्यात दोनच भोपळे आलेले.
बाळगोंडाचा पहिला.
माझा दुसरा.

सकाळी अंगणात ठेवला.
पहिला काप बाप्यानं द्यायचा, ही रीत.
सुकुमार कोयता शोधायला गेला
आणि गोठ्यात कुणाशी तरी बोलत बसला.
मी विळा घेतला, फिकट बुडातनंच घातला.
तो कोयता घेऊन आला तेव्हा
माझे हात कोपरापर्यंत केशरी.
त्यानं कोयत्याकडं बघितलं, मग भोपळ्याकडं,
आणि चहा टाकायला आत गेला.

तीनशे बारा बिया.
पेपरावर पसरल्या, सगळ्या सारख्या पांढऱ्या,
एकही तोंड उघडत नाही.
पाकिटावर लिहिलं:
आई, ही.
बाप, विहिरीकडचा चौथा वेल.
रंग,
आणि पेन तसाच उचलला.

चौगुल्यांच्या घरी ताटभर फोडी पाठवल्या.
हिरव्या बाजूच्या.